राहिलेला कान

आमच्या आईला ‘राहू द्या’ म्हटलेलं ऐकू यायचं, पण ते खरंच राहू द्यायचं असतं हे तिला उभ्या जन्मात पटलं नाही. पुण्यात त्यानं काही बिघडत नव्हतं, कारण तिथे सगळ्याच तशा. जेवणं झाली की पाहुणी पदर खोचून उष्टी भांडी उचलायला लागणार, यजमानीण ओरडणार, “अहो, राहू द्या, राहू द्या, तुम्ही कशाला!” आणि पाहुणी ती भांडी मोरीपर्यंत नेऊन विसळणारच. नाही विसळली, तर तिची पाठ वळल्यावर तीच यजमानीण म्हणणार, “बसली हो महाराणी हातावर हात ठेवून.” ही रीत घेऊन आई नेदरलँड्सच्या पूर्व टोकाच्या एका खेड्यात आली, जिथून जर्मनीची हद्द सायकलवर गाठता येते आणि जिथे माणसं एकदा ‘नको’ म्हणाली की त्याचा अर्थ नको एवढाच असतो. त्यातून जे काही झालं ते निस्तरता निस्तरता माझं चौदावं वर्ष गेलं. आजही कुणी मला ‘तुमच्या आई किती गोड आहेत’ म्हणालं की मी मान डोलावते आणि मनात म्हणते, दोन दिवस घेऊन जा, मग बोलू.

मुळात तिथे जायचं खूळ बाबांचं. त्यांना एन्स्खेडेच्या एका कंपनीत बरी जागा मिळाली आणि लगेच त्यांच्या डोक्यात स्वतःचं घर, अंगण, मेथी-कोथिंबिरीचे वाफे असलं काय काय शिरलं. तोवर आम्ही अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये राहायचो. आठवा मजला, लिफ्टला कायम कसलातरी वास. पण मेट्रोच्या पुलाखालच्या सुरिनामी दुकानात कढीपत्त्यापासून गवारीपर्यंत सगळं मिळायचं, आणि खालच्या मजल्यावर नागपूरच्या वंदनामावशी होत्या. त्या विद्यापीठात संशोधन करायच्या. त्या घरी आल्या की आईची आणि त्यांची जी सुरू व्हायची, ती कुकर थंड होऊन आमटीवर साय धरेपर्यंत चालायची. आई पुण्यात शाळेत मराठी शिकवायची. बोलणं हा तिचा धंदाच होता. अशा बाईला बाबांनी उचलून एका अशा गावात आणून ठेवलं, जिथे दुपारी फक्त ट्रॅक्टरचा आवाज आणि चर्चची घंटा. पहिल्याच आठवड्यात तिनं कणीक मळता मळता जाहीर केलं, “अहो, मी दिवाळीपर्यंत बघते. तोवर या गावात मला बोलायला एक माणूस मिळालं नाही, तर मी मृणूला घेऊन पुण्याला जाते. तुम्ही बसा तुमच्या वाफ्यात.” बाबा म्हणाले, “अगं, होईल हळूहळू.” बाबांचं सगळं हळूहळूच व्हायचं. धडकी भरली ती मला. मला मराठी बोलता यायचं, पण लिहिताना जोडाक्षर आलं की गाडी अडायची. पुण्यात मला कुठल्या वर्गात बसवणार होते देव जाणे. शिवाय तिथल्या शाळेत नुकत्याच माझ्या दोन मैत्रिणी झाल्या होत्या, आणि त्या मी मोठ्या कष्टानं मिळवल्या होत्या.

बोलायला माणूस नाही म्हटल्यावर आईनं सगळा जोर घासण्यावर काढला. समई, तांब्या, ताम्हन, घंटा, सगळं रोज बाहेर निघायचं. चिंच भिजत पडलेली, त्यात मूठभर मीठ, हातात काथ्या, आणि सिंकमध्ये बांगड्यांचा आणि पितळेचा तो आवाज. मी शाळेतून सायकल आणून टेकवली की दारातच तो ऐकू यायचा आणि समजायचं, आज कुणी बोललेलं नाही. संध्याकाळी त्याच चिंचेची आमटी, आणि सोबत त्या ब्रसेल्स स्प्राउट्सची गोडा मसाला घालून भाजी. ती भाजी कुणालाच आवडायची नाही, तिला स्वतःलाही नाही, पण ‘इथे हेच पिकतं’ म्हणून ती ती करायची आणि बाबांकडे बघत वाढायची. रविवारी घासायची पाळी माझी. चौदा वर्षांच्या घोडीला टबाच्या काठावर बसवून ती टॉवेलच्या टोकानं माझे कान पिरगाळायची. “कानामागे बघ. बघ किती मळ! चेहरा काय कुणीही धुतं, बाईची पारख कानामागे होते.” मी डचमध्ये ओरडायचे. तिला ते पोचायचं नाही, किंवा पोचून ती सोडून द्यायची.

त्या भागात शेजारधर्म कडक. नवीन बिऱ्हाड आलं की लगतच्या घरानं त्याची विचारपूस करायचीच. आमच्या लगतच्या घरात हेर्मीन होती. सत्तरीची, उंच, रुंद, नवरा गेलेला, आणि मुलगा शेजारीच गायी राखणारा. ती मनुका घातलेला हातभर लांब पाव घेऊन आली, आईनं तिला शंकरपाळी दिली, आणि दोघी समोरासमोर बसून हसत राहिल्या. मध्ये मी, दुभाषी. हेर्मीननं सांगितलं, दर गुरुवारी आम्ही काही बायका चर्च साफ करतो, नंतर कॉफी असते, तुझ्या आईला यायचं असेल तर येऊ दे, धर्माचा काही प्रश्न नाही, धूळ सगळ्यांची सारखीच. आई म्हणाली, “चर्चमध्ये? मी?” आणि पुढच्या गुरुवारी इस्त्रीचा सलवार-कमीज घालून, स्वतःचा झाडू घेऊन तयार. सुट्टी असली की मलाही ओढत न्यायची. सुट्टीच्या सकाळी दुसऱ्या पोरी पोहायला जायच्या, मी बाकांखालचं च्युइंगम खरवडायचे. पण घरातला काथ्याचा आवाज कमी झाला. आई स्वतः होऊन ‘कॉफी’, ‘फडकं’, ‘उद्या’ असे शब्द डचमध्ये म्हणायला लागली, आणि आमटीच्या वेळी बाबांना कुठल्या बाईची सून कशी आहे ते सांगू लागली. सून कशी आहे हे तिला भाषेशिवाय कसं कळलं, ते विचारायचं नाही.

त्या चर्चमध्ये दारातून आत गेलं की डावीकडे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड होतं. अजून आहे. पिवळट वाळूच्या दगडाचं, कमरेइतकं उंच, वर गोल वाडग्यासारखं, भोवती कोरलेली द्राक्षाची वेल आणि तिच्याखाली दोरखंडाचा पिळा. आणि बुडाशी, चार कोपऱ्यांत, चार बुटकी माणसं उकिडवी बसून ते सगळं ओझं पाठीवर घेऊन आहेत. वाटोळे डोळे, मोठाले कान, दात-ओठ खाल्लेले. घडवणारा कोण, कधीचा, कुणाला माहीत नाही, फार जुनं एवढंच. मधल्या काळात धर्माच्या भांडणांत ते चर्चमधून बाहेर फेकलं गेलं आणि हेर्मीनच्या सासरच्या गोठ्यापुढे पिढ्यान् पिढ्या गुरांना पाणी पाजायला होतं. मग कुणा शहाण्याला त्याची ओळख पटली आणि ते परत आणलं. ते बघून आई पहिल्याच दिवशी उभी राहिली. “अगोबाई, हे तर कीचक!” आपल्याकडे जुन्या देवळांत खांबांच्या डोक्यावर छताचा भार पेलणारे असतात ना, तेच. ती वाकून एकेकाचं तोंड बघत होती, जशी वर्गातली हजेरी घेतेय. “बिचारे. कुठे येऊन बसलेत. आणि काय ही दशा! काळे ठिक्कर.” तिनं बोट फिरवून काळं झालेलं बोट मला दाखवलं. तिथल्या तिथे मला कळायला हवं होतं.

हेर्मीननं लांबून पाहिलं आणि म्हणाली, त्याला हात नको लावू, ते राहू दे, वर्षातून एकदा कोरड्या मऊ ब्रशनं आम्ही झटकतो, बस. मी आईला शब्दन् शब्द सांगितलं. “आई, ती म्हणतेय राहू दे.” आई म्हणाली, “म्हणणारच. कोण म्हणेल का, या बाई, आमचा एवढा मळ तुम्हीच काढा?” मी म्हटलं, “आई, ती खरंच राहू दे म्हणतेय.” “हो गं हो,” आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं विषय संपला. पाहुणी भांडी उचलायच्या आधी तिचा चेहरा नेमका तसाच होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सगळ्या बायका मागच्या खोलीत फुलं लावत होत्या. मी उंच शिडीवर, खिडकीच्या कट्ट्यावरच्या मेलेल्या माश्या गोळा करत. खालून ओळखीचा आवाज आला. काथ्याचा. बांगड्यांचा. मी वळून पाहिलं तर आई फरशीवर मांडी घालून बसलेली, शेजारी डब्यात चिंचेचं पाणी, आणि दाराकडचा कीचक निम्मा पिवळा धमक झालेला! नाक, गाल, कपाळ, एक कान, सगळं उजळून वर आलेलं, दगडाच्या चुऱ्यासारखं काहीतरी ओघळून फरशीवर आलेलं. “आई!” मी वरून किंचाळले. “अगं, हळू,” ती म्हणाली, “देऊळ आहे.” तेवढ्यात हेर्मीन हातात डॅफोडिल घेऊन आली आणि तिथेच थांबली. आई तिच्याकडे बघून हसली, दुसऱ्या कानाकडे बोट दाखवून डचमध्ये म्हणाली, “उद्या.”

ईस्टरनंतरच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. चर्चच्या समितीचे अध्यक्ष ब्रून्स, निवृत्त पशुवैद्य, टेबलाच्या टोकाला. बाजूला हेर्मीन. बाबा कोट घालून, घसा साफ करत. ब्रून्स शांतपणे बोलले, तेच जास्त लागलं. म्हणाले, तज्ज्ञ बाई येऊन बघून गेल्या, वरचा थर गेला तो गेला, आता तो परत चढायला आपली सगळ्यांची आयुष्यं जातील. माझ्या बापाचा, माझा, माझ्या मुलांचा बाप्तिस्मा त्याच्यावर झाला. मला एवढंच समजून घ्यायचं आहे, की नको म्हणून सांगितल्यावरही का? बाबा माझ्या कानात म्हणाले, “आईच्या वतीनं सॉरी म्हण आणि चल.” आई म्हणाली, “थांब. मी बोलते. तू फक्त सांग.” आणि माझा संयम संपला. तोवर तिचं प्रत्येक वाक्य मी धुऊन-पुसून पुढे द्यायचे. डॉक्टरकडे, गेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीवर, शाळेत. त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात, जे म्हणेल ते जसंच्या तसं. “माझी आई म्हणते, या कुंडात तुम्ही तान्ह्या बाळांची डोकी धुता. बरोबर? आणि खाली बसून ज्यांनी ते कुंड धरलंय, त्यांचं तोंड कुणी इतक्या वर्षांत धुतलं नाही. माझी आई म्हणते, तिला वाईट वाटलं. दगड खराब झाला असेल तर ती माफी मागते. तोंड धुतलं त्याची मागत नाही.”

हेर्मीननं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती हे मला आजही सांगता येणार नाही. ब्रून्स मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, कुंडाभोवती दोरी बांधली जाईल, आणि तिच्या आत कुणी जाणार नाही. मग रीतसर, माझ्या आईकडे बघून म्हणाले, बाकांच्या कामाला गुरुवारी तुम्ही येत राहिलात तर आमची हरकत नाही, येणार का? मी सांगितलं. आईचे डोळे भरले होते. ती ताठ बसली आणि म्हणाली, “नको. राहू द्या.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला जायचं होतं. तिच्या बोटांची नुसती चुळबुळ चालली होती. ती वाट बघत होती की समोरचा म्हणेल, अहो असं काय करता, या ना. पण समोर ब्रून्स होते. मी ‘नको’ म्हणून सांगितलं, त्यांनी मान हलवली, डबीसारखं तोंड मिटलं, आणि सगळे उठले. गाडीत आई म्हणाली, “बघितलंस? एकदा विचारलं. एकदा! याला काय बोलावणं म्हणतात?”

त्यानंतरचे गुरुवार मला आठवले की अजून कपाळावर हात जातो. सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून, झाडू दाराशी उभा करून स्वयंपाकघरात बसायची. घंटा व्हायची. रस्त्यावरून बायकांच्या सायकली जायच्या. ती खिडकीशी जायची, पडदा सरळ करायची, परत बसायची. मग चिंच भिजत पडायची. तांब्या इतका घासला गेला की त्यावरची वेलबुट्टी पुसट झाली. कुणी येईना. येतील कशाला? नको म्हणाली होती ना बाई! तिकडे बाबा गुपचूप विमानाच्या तिकिटांच्या किमती बघायला लागले होते, आणि एका संध्याकाळी आईनं मला समोर बसवून जोडाक्षरं घ्यायला सुरुवात केली. ‘प्रत्यक्ष’ लिही. ‘उद्ध्वस्त’ लिही. ‘उद्ध्वस्त’ पाशी माझी पेन्सिल मोडली आणि मी सायकल काढून सरळ हेर्मीनच्या गोठ्यात गेले.

ती वासराला बाटलीनं दूध पाजत होती. मी उभ्या उभ्या सुरू केलं. म्हटलं, तू माझ्या आईला विचारत का नाहीस? ती म्हणाली, विचारलं ना, ती नको म्हणाली, बाईच्या मनाविरुद्ध कसं ओढू? मी म्हटलं, तिचं नको म्हणजे नको नाही. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं, नाहीतर माणूस हावरट दिसतं. दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा विचारायचंच असतं. आणि तू तिला कुंड राहू दे म्हणालीस, एकदाच म्हणालीस, म्हणून तिला वाटलं तुला ते करून हवंय. हेर्मीननं बाटली खाली घेतली. वासरू तिच्या हाताला ढुशा द्यायला लागलं. “म्हणजे,” ती म्हणाली, “मी तीनदा ओरडायला हवं होतं?” मी म्हटलं, “तेव्हाही तिनं केलं असतंच. पण निदान तुझ्या समोर.” ती मला म्हणाली, तुम्ही लोक भयंकर दमवणारे आहात. मी म्हटलं, मला सांगतेस?

गुरुवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात हेर्मीन, पायात लाकडी बूट, काखेत तिच्या आजेसासूची तांब्याची किटली, चुलीवर राहून राहून काळी कुळकुळीत झालेली. तिनं पाठ करून आणल्यासारखं विचारलं, “येतेस का?” आई म्हणाली, “नको, नको.” हेर्मीननं माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या मागून बोटांनी दोन दाखवले. “येतेस का?” “अहो, राहू द्या, कशाला,” आई म्हणाली. हे मी सांगितलंही नाही. हेर्मीननं मोठा श्वास घेतला आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली, “येतेस का, बाई?” आईचा एक पाय चपलेत होता. दुसराही गेला. “आता एवढं म्हणताच आहात तर,” ती म्हणाली, आणि झाडू उचलून माझ्या शेजारून निघून गेली. परत येऊन तिनं हेर्मीनच्या काखेतून किटली ओढून घेतली आणि सिंकमध्ये ठेवली. हेर्मीन अर्थातच म्हणाली नाही की राहू दे.

मग काय, गावानं माळे उपसले. पितळी मेणबत्तीदाणी, घोड्याच्या साजाच्या घंटा, आजीच्या पणजीची परात. आमच्या मोरीत रांग लागली आणि बाबांना दर महिन्याला झुइडओस्टला चिंच आणायला जावं लागलं, ते बरंच झालं, खूळ त्यांचंच होतं. चिंचेची पुडी घेऊन ते परत येईपर्यंत त्यांच्या वाफ्यातली मेथी मरून जायची. दिवाळीला हेर्मीन आमच्याकडे जेवली आणि अनारशाला उगाच नावं ठेवली. पुण्याचं नाव परत निघालं नाही. पण आईला एक गोष्ट काही सुटली नाही. फोडणी देताना, कपडे वाळत घालताना, मध्येच हात थांबायचा. “एक कान राहिला गं मृणू. चेहरा झाला, एक कान झाला, आणि दुसऱ्या कानामागे तसंच. लोक काय म्हणत असतील?” लोक म्हणत होते की कुंडाच्या एका माणसाचं तोंड भारतीय बाईनं धुतलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत होते. पण हिला कान.

हेर्मीन आता नाही. तिची किटली आमच्या फडताळात आहे आणि आई ती कुणाला हात लावू देत नाही. बाबाही गेले. आई रोलेटर, म्हणजे बैठक असलेला चाकांचा वॉकर, ढकलत, ब्रेक न लावता, उतारावरून मला घाबरवत चालते. गेल्या हिवाळ्यात हेर्मीनच्या नातवाच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. सगळे बाहेर फोटो काढायला गेले. कुंडाभोवती दोरी अजून आहे, आणि दाराकडचा कीचक अजूनही बाकीच्या तिघांपेक्षा उजळ. आईनं रोलेटर वळवला, त्याच्या बैठकीवर बसून पुढे वाकली, आणि तिचं तोंड नेमकं त्या कीचकाच्या समोर आलं. तिनं पर्समधून रुमाल काढला. त्याचं टोक जिभेला लावलं.

मी त्या चर्चच्या समितीवर आहे. ती दोरी गेल्या वर्षी जुनी झाली तेव्हा नवी मीच आणली. मी आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि म्हटलं, “आई, राहू दे गं.”

एकदाच म्हटलं. मग दोरी वर धरली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले.